आठ जीबी, कार्पेट ३.२

चेंबूरमध्ये सध्या जुन्या इमारती दोनच प्रकारच्या आहेत. ज्यांचा पुनर्विकास चालू आहे त्या, आणि ज्यांच्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत त्या. आमची दुसऱ्या प्रकारातली. हाउसिंग बोर्डाच्या काळातली, चार मजली, बिनलिफ्टची, गच्चीवर निळी ताडपत्री पांघरून बसलेली. समोरच्या प्लॉटवरची मंडळी आमच्यापेक्षा पुढारलेली. त्यांची जुनी इमारत पाडून झाली, नवी चौथ्या मजल्यापर्यंत आली आणि गेली सहा वर्षं तिथेच गंजक्या सळया वर करून उभी आहे. मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी.

अकरा वर्षं सभा चालल्यामुळे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही काही गोष्टी पाठ आहेत. कार्पेट एरिया वेगळा, बिल्ट-अप वेगळा, आणि सुपर बिल्ट-अप म्हणजे जिन्यात पडणारं ऊनही आपल्या नावावर मोजणं. इमारतीने तिशी ओलांडली की स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. त्यात इमारतीला वर्ग मिळतो: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं न हलवता मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आणि शेवटची गोष्ट मी स्वतः दर सभेत बोट वर करून सांगतो: "समोरचा काय बोलतो ते ऐकू नका. काय बोलत नाही ते ऐका."

हे वाक्य सांगणाऱ्या माणसाने सोसायटीसाठी जुना संगणक कसा घेतला, त्याची ही हकिकत.

आजवर आमच्या नोटिसा स्टेशनबाहेरचा एक टायपिंगवाला करून द्यायचा. तो 'विकासक'च्या जागी 'विनाशक' टाइप करायचा. पहिल्या वेळी आम्ही हसलो. दुसऱ्या वेळी रागावलो. तिसऱ्या वेळी ती नोटीस विकासकाच्या माणसानेच वाचली. तेव्हा कमिटीने ठराव केला, की सोसायटीचा स्वतःचा संगणक असावा. तरतूद आठ हजार रुपये.

"आठ हजारांत नवा येत नाही," खजिनदार म्हणाले.

"जुना घेऊ," मी म्हणालो. "जुना घ्यायची हीच वेळ आहे."

हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला निरोप दिला. विंडोज ११ चालवायचं तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या अखेरीनंतरचा लागतो. त्यामुळे आधीच्या पिढ्यांची धडधाकट यंत्रं कंपन्यांनी टेम्पो भरभरून बाहेर काढली. हे 'पिढी' प्रकरण काय असतं, ते त्या लेखात पुढे समजावून सांगितलं होतं. तोवर मी शब्दकोड्याच्या पानावर गेलो होतो.

"पण पारख कोण करणार?" खजिनदारांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. फक्त चष्मा पुसला. मी २००४ साली एमएस-सीआयटी पास झालो आहे, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते मीच सांगत असतो. सरकारी नोकरीत वेतनवाढीसाठी ती परीक्षा आवश्यक झाली तेव्हा मी चौऱ्याऐंशी गुण मिळवले होते. प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात आहे. त्यानंतर बावीस वर्षांत संगणकशास्त्राने काय केलं ते मला ठाऊक नाही, पण मी ते लॅमिनेशन उघडलेलं नाही.

शिवाय मी स्थानिक इतिहासाचाही आधार घेतला. "इथून हाकेच्या अंतरावर, ट्रॉम्बेला, १९६९ साली आपल्या शास्त्रज्ञांनी टीडीसी-१२ नावाचा संगणक तयार केला. त्यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे. चेंबूरच्या हवेतच संगणक आहे."

"चेंबूरच्या हवेत एवढं सगळं आहे," तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "त्यात संगणकही असेल."

ठराव एकमताने मंजूर झाला.

जुन्या संगणकांसाठी मुंबईत जायचं ते लॅमिंग्टन रोडला, हे कोणीही सांगेल. पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव घेऊन पत्ता विचारला तर माणूस दवाखाना शोधतोय असं लोकांना वाटतं. मी मुद्दामच तिकडे गेलो नाही. तिथे एका ओळीत इतकी दुकानं आहेत, की चार ठिकाणी विचारावं लागतं, आणि चार ठिकाणी विचारलं की आपल्याला काय विचारायचं ते कळत नाही, हे कळतं. त्यापेक्षा घराजवळची गल्ली बरी. झेरॉक्स, मोबाइलची कव्हरं आणि इमिटेशन दागिने यांच्या मधोमध एक दुकान होतं. दारात जुने संगणक एकावर एक रचलेले. मालक तरुण, मृदुभाषी. मला पाहताच उठून उभा राहिला. इथेच माझी निम्मी पारख झाली.

"ही बघा साहेब," तो म्हणाला. पुढे एक काळी, उंच, अंगापिंडाने भरलेली मशीन होती. चालूच होती. पडद्यावर हिरवी टेकडी.

आमच्या इमारतीचं ऑडिट झालं तेव्हा मी इंजिनीअरांच्या मागे मागे फिरलो होतो. त्यांनी रिबाउंड हॅमरने खांबांना टिचक्या मारून काँक्रीटचा कस पाहिला. मग यंत्राने काँक्रीटचे गोल तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवले. त्याला कोअर टेस्ट म्हणतात. त्याच शास्त्रीय दृष्टीने मी बोटाच्या पेराने कॅबिनेटवर टकटक केली. आवाज भरीव आला. मग मशीन दोन्ही हातांनी उचलून पाहिली. चांगली जड. हल्लीची यंत्रं कशी पापडासारखी असतात, ही लोखंडाची. कोअर टेस्टची तर गरजच नव्हती, कारण पुढच्या बाजूला स्टिकरवर लिहिलंच होतं: कोअर आय सेव्हन.

"आय सेव्हन," मी म्हणालो. तीन आणि पाचही असतात, हे मला माहीत होतं. सात त्यांच्यापेक्षा मोठा. एमएस-सीआयटीच्या आधीपासून मला हे येतं.

"आय सेव्हन आहे साहेब," तो म्हणाला. "रॅम आठ जीबी."

"आठ," मी मान डोलावली.

"ग्राफिक्स कार्ड वेगळं बसवलेलं आहे."

"वेगळं!" मी खुर्चीत सावरून बसलो.

"आणि साहेब, खरं सांगू? सात वर्षं एकाच जागी होती. कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

मी कीबोर्ड पाहिला. खरंच, अक्षरं कोरी करकरीत. एकही पुसलेलं नाही. शेवटची चाचणी म्हणून मी कॅल्क्युलेटर उघडला आणि २५६ गुणिले ८ करून पाहिलं. उत्तर बरोबर आलं.

चौकोनी मॉनिटरसकट त्याने आठ हजार सांगितले. मी सहा हजार पाचशे म्हणालो. तो म्हणाला, "घ्या."

इतक्या चटकन 'घ्या' म्हणाला, की मला माझ्या वाटाघाटीच्या कौशल्याचा अभिमान वाटला. विकासक एवढ्या चटकन 'घ्या' म्हणाला असता तर मी तीन रात्री झोपलो नसतो.

रिक्षात मशीन मांडीवर होती. अमर महालच्या अलीकडे एक खड्डा आला, तेव्हा तिचं वजन हा गुण आहे की दोष, याबद्दल माझ्या गुडघ्याचं मत बदललं.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. नारळ फुटला, पेढे झाले, प्लग लावला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि मशीन थांबली. पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा, असं तिचं म्हणणं होतं. मी दाबलं. हिरवी टेकडी आली. टाळ्या.

"हे एफ-वन कशाला?" खजिनदारांनी विचारलं.

"सुरक्षेसाठी," मी म्हणालो. "अनोळखी माणसाला ते माहीत नसतं."

वीज वाचावी म्हणून मी रोज निघताना प्लगचं मुख्य बटण बंद करायचो आणि रोज सकाळी मशीन एफ-वन मागायची. शेजारच्याच्या वायफायवर एखादं संकेतस्थळ उघडायला गेलं, तर ब्राउझर आत सोडायचा नाही. तुमचं घड्याळ मागे आहे, एवढंच सांगायचा. हे मी घरी बोललो, तर सौ. भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "बाई! चार दिवसांत ओळखलंन की तुम्हाला."

तरी काम चालू होतं. शब्द टाइप केला की तो पडद्यावर यायला वेळ लागायचा, पण त्यामुळे विचारपूर्वक लिहिलं जातं, असं मी कमिटीला समजावलं. पंखा असा घोंघवायचा की माझ्या वाक्यांपेक्षा त्याचंच मत ठाम वाटे. अशा वातावरणात मी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस तयार केली. विषय, पुनर्विकास. दिनांक स्वतः घालायचा नसतो, यंत्रच घालतं, हे मला २००४पासून माहीत होतं. एक बटण दाबलं, तारीख उमटली, छपाई झाली, फलकावर लागली.

सभेच्या दिवशी अण्णा नोटिशीसमोर बराच वेळ उभे होते. मग आत आले आणि शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, उपविधीप्रमाणे विशेष सभेला पाच दिवसांची पूर्वसूचना पुरते. तुम्ही सतरा वर्षांची दिलीत."

नोटिशीवर तारीख होती १ जानेवारी २००९.

सभा तहकूब झाली. विकासकाच्या वकिलांनी त्या नोटिशीचा फोटो काढला. पुढे लागला तर असावा म्हणून, म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची नात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती सभेला आली नव्हती, हसण्याचा आवाज ऐकून खाली आली होती. "काका, मी जरा बघू का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "बघ, पण एफ-वन दाबावं लागतं." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी इंजिनीअरांनी आमच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं होतं.

तिने आधी कॅबिनेटची बाजू उघडली. आत धुळीची आणि दमट हवेची मिळून एक गोधडी तयार झाली होती. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल तिने नखाने उचलला. "हा मेलाय काका. सीआर २०३२. प्लग लावलेला असेपर्यंत घड्याळ विजेवर चालतं. प्लग काढला की मशीनला तारीखच आठवत नाही, आणि आपलं काहीतरी बिघडलंय म्हणून ती एफ-वन मागते. दुकानात प्लग काढून, पाच-दहा मिनिटं थांबून परत लावला असता तर तिथंच कळलं असतं."

दुकानात मशीन आधीपासूनच चालू होती, हे मला आठवलं. चालू गाडी कधी बघू नये, थंड इंजीन सुरू करून बघावं, असं वडील स्कूटर घेताना म्हणायचे.

मग तिने हिरव्या टेकडीवर माउसच्या दोन क्लिकमध्ये एक पान उघडलं. मी कॅल्क्युलेटर उघडला होता त्याच पडद्यावर, त्याच्यापासून दोन बोटांवर. "आय सेव्हन ८७०," ती वाचू लागली. "काका, सातावर जाऊ नका. त्याच्या पुढचा आकडा बघायचा. चार आकडी असला तर पहिला अंक म्हणजे पिढी. २४०० असेल तर दुसरी, २०११ची. ६५०० असेल तर सहावी. ८४०० असेल तर आठवी. पाच आकडी असला तर पहिले दोन अंक धरायचे."

"आणि हा तीन आकडी?"

"पहिली पिढी. २००९."

म्हणजे तारीख चुकली नव्हती. मशीनने आपलं जन्मवर्ष सांगितलं होतं.

"आठव्या पिढीचा साधा आय थ्री हिच्या पुढे धावेल," ती म्हणाली, "आणि वीजही कमी खाईल. हा एकटा प्रोसेसर भर कामात पंच्याण्णव वॉटपर्यंत जातो."

"पण वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे," मी शेवटचा किल्ला लढवला.

"असणारच. या प्रोसेसरच्या पोटात चित्र दाखवायची सोयच नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर काही दिसणारच नाही."

घराला वेगळा दरवाजा बसवलाय, असं सांगून मला घर विकलं होतं.

"आणि रॅम? आठ जीबी नाही का?"

तिने बोट ठेवलं. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं: आठ जीबी, त्यापुढे कंसात, वापरण्याजोगी ३.२. "दुकानदाराने विंडोजची बत्तीस बिटांची आवृत्ती टाकलीय. तिला चार जीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. त्या चारातलंही थोडं ग्राफिक्स कार्ड वगैरेंसाठी राखीव जातं."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग खजिनदार म्हणाले, "म्हणजे आठ हा सुपर बिल्ट-अप."

"आणि कार्पेट ३.२," अण्णा म्हणाले.

अकरा वर्षांत आमच्या कमिटीचं एखाद्या विषयावर इतक्या लवकर एकमत झालं नव्हतं. इंच-इंच कार्पेटसाठी तीन विकासक पळवून लावणारा सेक्रेटरी पन्नास टक्क्यांहून जास्त लोडिंग देऊन बसला होता.

शेवटी तिने पेन ड्राइव्हवरून एक छोटं सॉफ्टवेअर लावलं. हार्ड डिस्क आपल्या जन्मापासूनचा हिशोब स्वतःजवळ ठेवते. किती तास चालली, किती जागा निकामी झाल्या, सगळं. तिथे आकडा होता ६१,३२०. तिने मोबाइलवर भागाकार केला. "बरोब्बर सात वर्षं. चोवीस तास, एकही सुट्टी न घेता." डिस्कने स्वतःच्या पृष्ठभागावरचे बावीस तुकडेही नादुरुस्त म्हणून बाजूला काढून ठेवले होते, आमच्या गच्चीच्या टोकाला दोरी बांधून ठेवलीय तसे.

सात वर्षं अखंड चालूनही कीबोर्डला हात कसा लागला नाही, हे कोडं डी ड्राइव्हने सोडवलं. तिथे सीसीटीव्हीचं जुनं चित्रण राहून गेलं होतं. कुठलंतरी गेट, प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीखाली झोपलेला कुत्रा. मशीन सात वर्षं या कुत्र्याकडे बघत बसली होती. सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून आम्ही अर्धा तास वाट पाहतो. त्या दिवशी सतरा सभासद त्या अनोळखी गेटसमोर वीस मिनिटं श्वास रोखून बसले. कुत्रा उठला तेव्हा कोणीतरी "उठला!" म्हणालं. मग पोरीने, असं दुसऱ्याचं चित्रण ठेवू नये, म्हणून ते पुसून टाकलं, आणि सभा खरोखर संपली.

रात्री मला झोप आली नाही. दुकानदारावर चिडायला मी कारण शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं. आय सेव्हन आहे म्हणाला, होता. आठ जीबी म्हणाला, होती. कार्ड वेगळं होतं. हात कोणी लावला नव्हता. चारही वाक्यं रजिस्टर करण्याजोगी खरी. विकासकाचा माणूस समोर आला की मी सत्तावीस प्रश्नांची यादी काढतो. याला मी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला तर आपल्याला उत्तर माहीत नाही हे त्याला कळेल, एवढीच भीती होती. ती भीती मला सहा हजार पाचशेला पडली. मॉनिटर त्यावर फुकट.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल मागितला. तिने वहीच्या पानावर रीतसर लिहून दिला. "मशीन: सी-२बी. जागेवरून न हलवता मोठी दुरुस्ती." खाली खजिनदारांनी पेन्सिलीने जोडलं होतं, "सेक्रेटरी: सी-१."

"पण घेण्यासारखी होती की नव्हती?" मी तिला विचारलं.

"काम काय आहे त्यावर आहे काका. नोटिसा टाइप करायच्या, हिशोब लिहायचा, एवढ्याला पुरते. अडीच-तीन हजारांत घेतली असती तर शहाणपणाची होती."

दुरुस्ती झाली. डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, अठराशे रुपये. सेल चाळीस. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधली वाळून खडू झालेली पेस्ट बदलली, दीडशे. विंडोज काढून चौसष्ट बिटांचं लिनक्स मिंट टाकलं, त्याला पैसे पडले नाहीत. मजुरी म्हणून तिने चेंबूर कॅम्पातलं दाल-पक्वान मागितलं, दोन प्लेट. एकही भिंत न पाडता कार्पेट ३.२वरून जवळजवळ पूर्ण आठावर गेलं. असा पुनर्विकास आमच्या डोळ्यांदेखत प्रथमच पुरा झाला. एकूण खर्च आठ हजार चारशे नव्वद. वरचे चारशे नव्वद आणि दाल-पक्वान माझ्या खिशातून. तेवढ्याच पैशांत थोडं फिरला असतात तर चार-पाच पिढ्या अलीकडची मशीन मिळाली असती, हे तिने मला दुसरी प्लेट संपल्यावर सांगितलं.

महिनाभराने तहकूब सभा पुन्हा भरली. नोटिशीवर तारीख त्याच वर्षाची होती, हे तीन जणांनी स्वतंत्रपणे तपासलं. विकासकाच्या प्रतिनिधीने पेन ड्राइव्ह आणला होता. आमच्या भावी टॉवरची थ्रीडी फिल्म. "तुमच्याकडे संगणक आहे ना?" त्याने विचारलं. "आहे," मी म्हणालो. बाकी काही बोललो नाही.

फिल्म सुरू झाली. सनई वाजली. निळं आकाश, हिरवळ, कारंजं, आणि त्यातून तेवीस मजल्यांचा टॉवर वर येऊ लागला. पहिला मजला आला. दुसरा आला. पंखा घोंघवू लागला. तिसरा आला. चौथा मजला अर्धा आला आणि चित्र तिथेच थिजलं. सनई मात्र चालू होती.

आम्ही वाट पाहिली. टॉवर हलला नाही.

"तुमची मशीन जुनी आहे," प्रतिनिधी घाम पुसत म्हणाला. "प्रत्यक्षात असं होणार नाही."

कोणी काही बोललं नाही. अण्णांनी सावकाश मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या प्लॉटवर गंजक्या सळयांवर कावळा बसला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "मशीन बरी घेतलीत हो."